बैलमोडीचा चढ

खडकेश्वर, औरंगाबाद
६ जानेवारी १९९०

प्रिय द्वारके,

हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्हींना तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून हे लिहायचंच नाही असं मी दोन दिवस ठरवत होते. पण ठरवलेलं पाळायचा माझा स्वभाव नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एकाच शाळेत आपण चौतीस वर्षं काढली. मी भूगोल शिकवत होते आणि तू वसतिगृहाची मेट्रन म्हणून दीडशे पोरींना धाकात ठेवत होतीस. एवढ्या सोबतीनंतर चार वर्षांचा अबोला मी मधली सुट्टी म्हणून सोडून देते. घंटा कधी द्यायची ते तू बघ.

बातमी अशी की आम्ही पुन्हा निघतोय. अजिंठ्यापासून डोंगराच्या कडेकडेनं कन्नडपर्यंत, सहा दिवस, आपली तीच वाट. या खेपेला मी आणि सारजाबाई दोघीच आहोत. बाकीच्यांपैकी एकीला नातू झालाय, दुसरीला गुडघे झालेत. सारजाबाई घाटी दवाखान्यातून गेल्या वर्षी रिटायर झाली, तरी कुणाचाही हात हाताशी आला की अजून नाडी बघते. परवा भाजीवाल्याची बघितली.

शहाऐंशी साली आपण बैलमोडीच्या चढावरून अर्ध्यातून परत फिरलो, तेव्हापासून ती वाट माझ्या डोक्यात तशीच अर्धवट पडून आहे. तेव्हा फिरावं लागलं ते तुझ्या तब्येतीमुळे. त्यात तुझा दोष नाही, वय सगळ्यांचंच होतं. पुढे तुझा आप्पासाहेब येऊन तुला चंद्रपूरला घेऊन गेला, पडेगावच्या तुझ्या घराला कुलूप लागलं, आणि त्याचं खापर तू माझ्या डोक्यावर फोडलंस. मी तुझ्या मुलाला जे कळवलं ते काळजीपोटी कळवलं. हे मी मागच्या तिन्ही पत्रांत लिहिलंय, म्हणून इथं लांबवत नाही.

दौलताबादच्या बसनं जाताना परवा तुझं घर दिसलं. अंगणातला शेवगा लगडलाय. शेंगा कुणीतरी काढून नेतंय. कोण नेतंय ते मला चांगलं माहीत आहे, पण चहाड्या करणं मी सोडलंय.

तुझ्या भावाकडून कळलं की आप्पासाहेब तुला क्वार्टरचा जिनासुद्धा एकटीनं चढू देत नाही आणि सकाळचं फिरणंही बंद केलंय. खरं आहे का? दौलताबादच्या किल्ल्यावर न थांबता जाणारी बाई तू. एवढं एक कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
सरोज

पायथ्याशी, बैलमोडीच्या खाली
१२ जानेवारी, संध्याकाळ

प्रिय द्वारके,

हे एका शाळेच्या ओट्यावर बसून लिहितेय. तीन दिवस चाललो. पहिल्या दिवशी माझी बडबड चालली, दुसऱ्या दिवशी टाचा बोलायला लागल्या, आज सगळं अंग गप्प आहे आणि मला छान वाटतंय. पाचवारी पोटरीपर्यंत खोचून, खाली कॅनव्हासचे बूट, साडीच्या काठाला बोटभर कुसळं. बनोटीच्या बाजारात एका म्हातारीनं आम्हाला विचारलं, "कोन्या सर्कशीतल्या म्हनं तुम्ही?" सारजाबाईनं तिचीही नाडी बघितली.

आपण वरच्या सपाटीवरून खाली खानदेशाच्या बाजूला उतरतो आणि मग पुन्हा वर चढतो, हे या वाटेचं वाकडेपण मला अजून पटत नाही. मुलींना मी वर्षानुवर्षं फळ्यावर हा डोंगर एका रेषेत काढून दाखवला. रेषेला चढ नसतो, हे रिटायर झाल्यावर कळलं.

सांडू वरच्या गावाहून आम्हाला न्यायला खाली आलाय. तोच तो, आपल्या वेळचा वाटाड्या. आता केस पांढरे झालेत, पण चाल तीच. आल्या आल्या त्यानं विचारलं, "त्या मेट्रनबाई कुठं हायेत? त्या नाय आल्या?"

मी म्हटलं, "त्यांची तब्येत बरी नसते. तुम्हाला आठवत असेल, त्यांना धाप लागली म्हणून आपण उतरलो होतो."

"धाप?" सांडू म्हणाला. "त्या तर मला रजाकाराच्या टायमाच्या गोष्टी इचारत, हसत उतरल्या खाली. धाप लागल्याली बाई येवढं बोलंल का?"

मी त्याला सांगितलं की तुमचं काहीतरी चुकीचं आठवतंय. तो वाद घालणारा माणूस नाही. त्यानं मान डोलावली आणि विडी पेटवली.

त्या गोष्टी त्यानं आज मलाही सांगितल्या. वर निजामाची हद्द, खाली आधी इंग्रजांची, मग स्वतंत्र हिंदुस्थानची, आणि मधे हा चढ. पोलीस ॲक्शनच्या आधी वरची माणसं पोरंबाळं काखोटीला मारून याच वाटेनं खाली उतरली, आणि ॲक्शन झाल्यावर याच वाटेनं वर परतली. सांडू तेव्हा बारा वर्षांचा. "उतरताना भ्या व्हतं म्हणून चढाचं कळलं नाय," तो म्हणाला. "परत जाताना कळलं, ह्यो डोंगर किती मोठा हाय." त्यांच्या घरच्या एका बैलाचा पाय तेव्हा या वाटेत मोडला. असे कित्येकांचे मोडलेत, म्हणून हे नाव.

मग सारजाबाईनं त्याला आपली पंगतीची रीत समजावून सांगितली. म्हणाली, "उद्या आमचं काय चाललंय ते तुला उमगायचं नाय, म्हणून आधीच सांगते." लग्नाच्या पंगतीत माणसाला अजून जिलबी हवी असली तर तो 'मला वाढा' म्हणत नाही, शेजाऱ्याकडे बोट करून 'यांना वाढा' म्हणतो. आणि शेजारी पोट फुटायला आलं तरी नाही म्हणत नाही. दौलताबादला पहिल्यांदा गेलो तेव्हा तू ही रीत डोंगराला लावलीस. इथं कुणीही 'मी दमले' म्हणायचं नाही. बसावंसं वाटलं की दुसरीचं नाव घ्यायचं, 'द्वारकेला जरा बसू द्या.' आणि जिचं नाव घेतलं तिनं मुकाट्यानं कंबर धरून कण्हायचं. कितीदा एकमेकींच्या नावानं बसलो आपण.

सांडूनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी खरं कोण दमलंय ते कळायचं कसं?"

सारजाबाई म्हणाली, "जिनं नाव घेतलं, ती."

मी विषय बदलला.

इथून तो चढ पूर्ण दिसतो. खाली अंजनाची झाडं, मग पिवळं गवत, मग उघडा काळा दगड आणि मधून एक पांढुरकी वाट. शेवटी इतकी उभी होते की गाय नीट उभी राहायची नाही. तुला म्हणून सांगते, मला भीती वाटतेय. सारजाबाईला सांगितलेलं नाही. एकसष्ट वर्षांच्या बाईनं भीती वाटते म्हणायची कुणाला?

सरोज

वर, सांडूच्या अंगणात
१३ जानेवारी, भोगी, दुपारचे चार

द्वारके,

चढले. आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

बाकीचं सोपं नाही. उद्या ही चिठ्ठी पोस्टात पडेल आणि मग मला परत घेता येणार नाही, हे बरंच आहे.

सकाळी उजाडताच निघालो. पहिला टप्पा झाडांमधला, गार, बरा. मी सारजाबाईच्या पुढे होते आणि मला वाटलं, एवढ्याचीच भीती वाटून घेतली होती का. दुसऱ्या टप्प्यावर झाडं संपली आणि मुरूम सुरू झाला. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली येतं. सांडू पायानं खोबण्या करत पुढे जात होता आणि आम्ही त्याच्या खोबण्यांत पाय ठेवत होतो. उन्हं पाठीवर आली. गवत इतकं वाळलेलं की हाताला धरलं तर मुळासकट हातात येतं, आणि मग ते हातात घेऊन काय करायचं कळत नाही. अशा वेळी माझ्या डोक्यात एकही विचार नव्हता, हे मला फार आवडलं. खोबण, पाय, श्वास. साठीनंतर डोकं एवढं रिकामं व्हायची वेळ फार येत नाही.

मग ती जागा आली. वाट कातळाला चिकटून वळते, डाव्या हाताला दरी उघडी पडते आणि टेकायला एक चपटा दगड आहे तिथं. तुला आठवत असेल. मला तर इतकी आठवत होती की वळण यायच्या आधीच पाय लटलटायला लागले. पुढे जाववेना, मागे बघवेना.

आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सांडू, थांबा. सारजाबाई दमलीये. बसू द्या तिला."

सारजाबाई लगेच बसली. कंबर धरली, डोळे मिटले, "अगं आई गं" म्हणत अशी कण्हली की सांडू घाबरून पाणी घेऊन आला. मीही क्षणभर घाबरले. मग तिनं एक डोळा उघडला आणि पाण्याऐवजी गूळ मागितला.

मला हसू आलं. मी म्हटलं, "चांगलं करतेस गं."

ती गूळ चघळत म्हणाली, "माझं काय नाय. द्वारकीनं ह्याच दगडावर याच्यापेक्षा झ्याक केलं व्हतं. मला खरंच वाटलं म्हणून मी तिची नाडी धरली. बहात्तर. घरात निवांत झोपल्यावानी. मी तिच्याकडं बघितलं तर तिनं डोळा मारला."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"त्यात काय सांगायचं? तू नाव घेतलंस, ती कण्हली. रीतच हाय. तुझे पाय कापत व्हते ते आमा सगळ्यांना दिसत व्हतं, सरोज. म्हणून तर समद्या गुमान उतरलो."

मी तिला विचारलं, द्वारका चंद्रपूरला का गेली असं तुला वाटतं? ती म्हणाली, "लेकाकडं गेली. म्हातारपणी जातात की."

म्हणजे तू कुणाला सांगितलं नाहीस. चार वर्षांत आप्पासाहेबाला लिहिलेल्या माझ्या पत्राबद्दल तू कुणालाच एक शब्द सांगितला नाहीस, आणि मी सगळ्या गावाला सांगत होते की तू विनाकारण माझ्यावर रुसलीस.

आता जे आहे ते लिहिते. त्या दिवशी तू दमली नव्हतीस. मी दमले होते, आणि दमण्यापेक्षा घाबरले होते. 'द्वारकेला धाप लागलीये, परत फिरू या' असं मी म्हटलं तेव्हा मला ते ठाऊक होतं. बसायला तुझं नाव घेणं ही रीत होती. परत फिरायला तुझं नाव घेणं ही रीत नव्हती, पण तू तेवढंही निभावलंस. उतरेपर्यंत मला ठाऊक होतं. घरी आल्यावर शेजारणी विचारायला लागल्या की लवकर कशा आलात. मी म्हटलं, द्वारकेची तब्येत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा धाप होती. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा घाम आणि डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग आप्पासाहेबाचं नेहमीचं पत्र आलं, 'मावशी, आई पत्र लिहीत नाही, कशी आहे?' तू पत्रांची आळशी, म्हणून तुझी खुशाली वर्षानुवर्षं मीच कळवायची. मी चार पानं लिहिली. लिहून झाल्यावर माझा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता. इतका, की तो तुला न्यायला आला तेव्हा मी तुझी बॅग भरू लागले.

बॅग भरताना तू माझ्याकडे बघत होतीस. मला वाटलं, मैत्रिणीला सोडून जायचं दुःख आहे. द्वारके, मला लाज वाटतेय. मुलींच्या वह्यांमध्ये लाल शाईनं चुका काढत जन्म गेला आणि स्वतःच्या चार पानांत मला एकही दिसली नाही.

हे सगळं मला त्या दगडावर बसून कळलं असं लिहिलं तर शोभेल, पण खरं म्हणजे कुठेतरी कायमच माहीत होतं. म्हणूनच चार वर्षं या वाटेला आले नाही.

मग उठलो. वरचा टप्पा सगळ्यात उभा. हात टेकत चढले, एका जागी तर बसून, ढुंगण घासत. पन्नास पावलांवर पुन्हा श्वास पुरेना. सारजाबाईचं नाव जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "सांडू, मी दमलेय. मला बसायचंय."

सांडू म्हणाला, "बसा की."

एवढंच. द्वारके, एवढंच असतं ते. मी बसले, तो बसला, सारजाबाई बसली. खाली सगळा खानदेश उन्हात पसरला होता. केळीच्या बागा, एक रेघ म्हणजे रस्ता, त्यावर एस. टी. जाताना दिसली. नंतर मी अजून सहा वेळा दमले आणि सहाही वेळा तसं सांगितलं. सातव्यांदा सांगायला तोंड उघडलं तर समोर सपाट जमीन आणि त्यात ज्वारी. मला कळलंच नाही की चढ संपला.

सांडूच्या बायकोनं, साळूबाईनं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी केली होती. मी चार भाकरी खाल्ल्या. पाचवी 'सारजाबाईला वाढा' म्हणून मागितली आणि सारजाबाईनं ती निमूट आपल्या ताटात घेतली आणि स्वतःच खाल्ली. पोटऱ्या लाकडासारख्या झाल्यात, अंगठ्याचं नख काळं पडलंय आणि मी फार सुखात आहे. तुला एवढं वाईट लिहून झाल्यावर सुखात असू नये खरं तर, पण आहे.

तू उत्तर दे म्हणत नाही. पण जे मी कागदावर बिघडवलं ते मला कागदावरच नीट करावं लागणार आहे. गावी पोचले की करते.

सरोज

खडकेश्वर, औरंगाबाद
१७ जानेवारी १९९०

चि. आप्पासाहेब यास अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारी शहाऐंशीमध्ये मी तुला चार पानी पत्र लिहिलं होतं. त्यात असं होतं की डोंगर चढताना तुझ्या आईला धाप लागली, घाम फुटला, अंधारी आली, आणि यापुढे तिनं एकटीनं राहणं बरं नाही.

त्यातलं काहीही खरं नाही. त्या दिवशी मी घाबरले होते आणि मला परत फिरायचं होतं. मी तुझ्या आईचं नाव पुढे केलं. तिनं माझी लाज राखायला दमल्याचं सोंग केलं. सारजाबाईंनी तिथं तिची नाडी पाहिली होती, ती अगदी व्यवस्थित होती. तुला हवं तर त्यांना विचार.

तू तेव्हा जे केलंस ते चांगल्या मुलानं करावं तेच केलंस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. चूक माझी आहे. तुझ्या आईच्या चार वर्षांची भरपाई मला करता येत नाही. निदान यापुढची वर्षं माझ्या त्या पत्रामुळे अडू नयेत म्हणून हे लिहिते आहे. हे पत्र आईला वाचून दाखव. ते पहिलंही दाखवलं होतंस, असं मी धरून चालते.

तुझी,
सरोजमावशी

चंद्रपूर
२ फेब्रुवारी १९९०

सरोज,

मला तुझ्यासारखं छापील लिहिता येत नाय, बोलते तसं लिहिते. तुझी समदी पत्रं मिळाली. डोंगरावरचं दोनदा वाचलं. ढुंगण घासत चढलीस ते तीनदा.

आधीच्या तीन पत्रांना उत्तर का नाय दिलं म्हणतेस. तिन्हीत तू माझ्या तब्येतीचं इचारलं व्हतं. जो आजार झालाच नाय त्याचा हालहवाल काय कळवू?

राग आला व्हता मला. लई आला व्हता. तू घाबरलीस त्याचा नाय. त्या दगडापाशी तुझे पाय बघितले मी, अन् माझं नाव घेतलंस तवा मला बरंच वाटलं, म्हणलं चला, हिला खाली न्यायला काहीतरी निमित्त घावलं. कण्हायला काय पैसे पडतात? पण तेच तू कागदावर लिहून माझ्या पोराला धाडलंस. आप्पानं मला ते वाचून दाखवलं तवा मला वाटलं, चौतीस वर्षं हिच्यासंगट काढली अन् हिला मी ठावकीच नाय. त्याचं वाईट वाटत व्हतं. डोंगराचं नाय.

इथं आल्यावर आप्पानं दोनदा माझा कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणला, हार्ट एकदम चांगलंय. तर आप्पा म्हणतो कसा, पण मावशीनं डोळ्यानं बघितलंय. बघ तुझ्या अक्षराची ताकद, मशीन हरलं. मी कितीबी म्हणलं मला काय झालं नाय, तर सूनबाई म्हणायची, आजारी माणूस असंच म्हणतं. मग मी म्हणायचंच सोडलं. पोर वाईट नाय गं. भीतीनं करत व्हता समदं. पण चार वर्षं कुणी तरी हात धरून जिना चढवला ना, की आपलेच पाय आपल्याला इचारायला लागतात, येऊ का म्हणून. ते बेकार हाय. मी दुपारी आप्पा कामावर गेला की गुपचूप जिना चढायची अन् उतरायची. पंधरा-पंधरा बार. सूनबाईला ठावं हाय, ती बोलली नाय. तिला पण माझ्यासारखं गप ऱ्हाणं जमतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आप्पानं ते आधी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. मला वाचून दाखवलं नाय, माझ्या हातातच दिलं. मग म्हणला, "आई, तू दमली नव्हतीस तर तवा सांगितलं का नाय मला?"

म्हणलं, "तू मावशीला इचारलंस, डॉक्टरला इचारलंस. मला कुठं इचारलंस?"

त्याचे डोळे भरून आले. माझे पण आले. जेवण दोघांनी केलं नाय त्या रातीला, सूनबाई एकटीच जेवली.

आता तुझं. माफ केलं का म्हणून तू इचारलं नायस, ते बरं केलंस, कारण अजून पुरतं झालं नाय. थोडं ऱ्हायलंय. ते तिथं आल्यावर तुझ्या घरी बसून, तुझाच चहा पीत, तुला सुनवीन, मग संपंल. तू मधे बोलायचं नाय.

पुढच्या शनिवारी निघते. पडेगावच्या घराची किल्ली भावाकडं हाय, घर झाडून ठेवायला सांग त्याला. शेवग्याच्या शेंगा कोण नेतंय ते मला पण ठावं हाय, माझीच वहिनी हाय, नेऊ दे.

आप्पा म्हणला, मी औरंगाबादपर्यंत सोडायला येतो. म्हणलं, स्टँडापर्यंत ये, बॅग जड हाय. फुडं माझी मी जाईन.

द्वारका